मोबाईल आला, मोल कुठे आहे?

(कार्यकर्त्या मेळाव्यातील भाषण)



माहिती तंत्रज्ञानामुळे कष्ट वाचतात, असे आपल्याला सांगतात. कुणाचे वाचतात, हे अंगणवाडी सेविकेला विचारू या.

मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘पोषण ट्रॅकर’ आणला. हजेरी, वजन, उंची, आहार, सारी नोंद मोबाईलवर. महाराष्ट्रात सेविकांना दिलेले मोबाईल कमी क्षमतेचे, वरचेवर बंद पडणारे. ॲप तेव्हा इंग्रजीत. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी ते मोबाईल सरकारला परत केले.

बायकांना यंत्र जमत नाही म्हणून नव्हे! रेंज नसली की नोंदी रात्री, घरची भांडीकुंडी आवरून भरायच्या. हे तास कुठेच मोजले जात नाहीत, कारण सेविका ‘मानसेवी’. तिला वेतन नाही, मानधन. पण एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. सेवा म्हणून खपवलेले काम कामच आहे.

आता आहार घेणाऱ्या बाईकडे पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. आधारला जोडलेला फोन नवऱ्याच्या खिशात असेल, तर ओटीपीही तिथेच. मग गरोदर बाईचा घास नवऱ्याच्या सवडीवर!

आपला विरोध यंत्राला नाही. पण मागणी स्पष्ट हवी: चांगला फोन, मराठीतले ॲप, वाढीव कामाचे वेतन, आणि यंत्र अडले तरी आहार अडता कामा नये.