फळ कोणासाठी घेताय?



मी सैन्यात पुरवठा खात्यात होतो, म्हणजे आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये. लोकांना वाटतं, फौजी म्हणजे बंदूक. माझी निम्मी नोकरी कांदे, बटाटे, केळी आणि सफरचंदं तपासण्यात गेली. सप्लाय डेपोत सकाळी ठेकेदाराचा ट्रक यायचा. पेटीच्या वरच्या थरात सफरचंदं अशी चकचकीत, की फोटो काढावा. आमचे सुभेदारसाहेब काही न बोलता पेटी उलटी करायला लावायचे. खालचा थर बघितला की ठेकेदाराचा चेहरा बघायची गरज उरायची नाही.

हा धडा निवृत्तीनंतर अमेरिकेत कामाला येईल असं वाटलं नव्हतं. आज त्याबद्दलच बोलणार आहे. आपल्यापैकी बरेच जण, मग ते इंदूरचे असोत, बडोद्याचे, बंगळूरचे की हैदराबादचे, मुलांकडे तीन-चार महिने परदेशी जाऊन राहतात. तिथे एशियन ग्रोसरी नावाची दुकानं असतात. चिनी, व्हिएतनामी, कोरियन लोकांची. आत गेलं की आपण गोंधळतो. केसाळ फळं, काटेरी फळं, खवल्यांची फळं. एक तर काहीच न घेता परत येतो, नाहीतर उत्साहात भलतंच घेऊन येतो. मी दुसऱ्या प्रकारातला.

आमची मुलगी ह्यूस्टनजवळ राहते. टेक्सासमधलं मोठं शहर. तिथे बेलेअर बुलेव्हार्ड नावाचा लांबलचक रस्ता आहे. त्याच्या एका भागात रस्त्यांच्या पाट्यासुद्धा चिनी आणि व्हिएतनामी लिपीत दिसतात. 1975 मध्ये सायगाव पडल्यावर जे व्हिएतनामी लोक देश सोडून निघाले, त्यांतले पुष्कळ या शहरात स्थिरावले. त्यांच्याबरोबर त्यांची चव आली आणि चवीच्या मागोमाग फळं आली.

आता घरची गोष्ट सांगतो, कारण त्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही. माझ्या पत्नीला बरीच वर्षं मधुमेह आहे आणि आता मूत्रपिंडं कमजोर झाली आहेत. डायलिसिस नाही, पण पथ्य कडक. पोटॅशियम मोजून. केळं बंद, नारळपाणी बंद, आंबा नावापुरता. ती मालवणची. अंगणात फळझाडं असलेल्या घरात वाढलेली. तिला प्रत्येक जेवणाला कोणीतरी ‘हे नको, ते नको’ सांगत असे. हळूहळू तिचं जेवणावरचं मनच उडालं. ह्यूस्टनला पोचल्यावर तर दोन घास खाऊन ताट सरकवायची. म्हणून मी ठरवलं, हिला आवडेल असं काहीतरी शोधून आणायचं. रोज सकाळी जावयाबरोबर दुकानांची रेकी सुरू केली.

पहिला नियम त्या रेकीतून मिळाला. माल कधी येतो ते विचारा. आम्ही जायचो त्या दुकानात ताजी फळं गुरुवारी उतरायची. शनिवारी गर्दी, सोमवारी उरलेला चिवडा. विचारायला लाजू नका, तिथले कामगार आनंदाने सांगतात. दुसरा नियम सुभेदारसाहेबांचा. प्लास्टिकचं आवरण घातलेला ट्रे उलटा करून बघा. तळाशी पाणी साचलंय, डाग आहे, तर ठेवून द्या. तिसरा नियम पाटी नीट वाचण्याचा. काही भाव नगावर असतात, काही पौंडावर. एक पौंड म्हणजे साधारण 454 ग्रॅम. मी एकदा पौंडाचा भाव नगाचा समजून फणसाचा मोठा तुकडा उचलला होता. बिल बघून जावई काही बोलला नाही. जावई चांगला आहे.

आता एकेक फळ घेऊ.

रामबुतान. लाल, केसाळ, लिचीचं चुलत भावंड. आपल्याकडे केरळात भरपूर होतं, तिकडच्या मंडळींना माहीत असेल. याचे केस बघायचे. टोकाला हिरवट आणि लवचिक असतील तर ताजं. केस काळे पडून वाळले असतील तर आतला गर आंबायला लागलेला असू शकतो.

लिची आणि लाँगन. लिचीचं साल हवेने सुकून तपकिरी होतं, तेवढ्यावरून ती नासली असं नाही. हातात घेऊन हलकी दाबा आणि वास घ्या. दारूसारखा वास आला तर नको. लाँगन मुळातच मातकट रंगाचं असतं. ते डहाळीसकट मिळतं, तेच घ्या. सुटलेल्या, देठाशी फाटलेल्या फळांत पाणी शिरतं.

ड्रॅगन फ्रूट आता आपल्याला नवं राहिलेलं नाही. सांगली-सोलापूरच्या कोरड्या भागात त्याच्या बागा आहेत, आणि गुजरात सरकारने 2021 मध्ये त्याला ‘कमलम’ असं नाव दिलं. ते हाताला जड लागलं पाहिजे, खवले वाळलेले नकोत. एक लक्षात ठेवा, हे फळ तोडल्यावर आणखी गोड होत नाही. घरी ठेवून पिकेल या आशेवर कच्चं घेऊ नका. आणि आतून लाल असलेलं खाल्लं तर दुसऱ्या दिवशी लघवी लालसर दिसू शकते. घाबरून दवाखाना गाठू नका.

जपानी फळ, म्हणजे पर्सिमन. कुल्लूच्या बाजूला राहिलेल्यांनी ते याच नावाने खाल्लं असेल. ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाचा माल येतो. दोन जाती असतात. चपटं, टोमॅटोसारखं असतं ते कडक असतानाच खाता येतं. लांबट, खाली टोक असलेलं मात्र पूर्ण लिबलिबीत होईपर्यंत खायचं नाही. घाई केली तर तोंडाला अशी मिठी बसते की तासभर बोलता येत नाही. आमच्या घरी हा प्रयोग मी स्वतःवर केला. त्या तासात घरात शांतता होती असं मुलगी म्हणते.

ड्युरियन. बाहेरून फणसाच्या धाकट्या, रागीट भावासारखं. सिंगापूरच्या मेट्रोत न्यायला बंदी, एवढा वास. अमेरिकेत बहुतेक ड्युरियन थायलंडहून गोठवून येतं. पाटीवर ताजं लिहिलेलं नसेल तर गोठवून वितळवलेलं समजा. पहिल्यांदा खाणाऱ्याने अख्खं घेऊ नये, गऱ्यांचा छोटा डबा मिळतो. आणि डबा घट्ट बंद करून ठेवा, नाहीतर फ्रीजमधल्या दुधालाही वास लागतो.

भारतीय आंब्याबद्दल नेहमी विचारतात. अमेरिकेत आपल्या आंब्याला 1989 पासून दार बंद होतं. ते 2007 मध्ये उघडलं, पण एका अटीवर. फळमाशी वगैरे किडीचा बंदोबस्त म्हणून आंब्यावर विकिरण करायचं. ते काम सुरुवातीला आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या केंद्रात झालं. कांद्याचं लासलगाव, तेच. त्याच वर्षी थायलंडची लिची, लाँगन, रामबुतान, मँगोस्टीन अशी फळंही याच अटीवर अमेरिकेत येऊ लागली. पेटीवर तुटक वर्तुळात रोपट्यासारखं हिरवं चिन्ह असतं, ती त्याची खूण. मुलगी ते चिन्ह बघून घाबरली होती. विकिरणाने फळ किरणोत्सारी होत नाही. किडीची वीण थांबते, एवढंच.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो.

ऑगस्टमधला गुरुवार होता. दुकानात शिरलो आणि समोर ट्रेमध्ये पिवळीधमक, पाच धारांची फळं. स्टारफ्रूट. मला ओळखायला क्षणभर लागला. अहो, हे तर करंबळ! कुणी करमळ म्हणतं, उत्तरेत कमरख म्हणतात. आडवं कापलं की चांदणी. इंग्रजीत याला कॅरॅम्बोला असंही म्हणतात, आणि तो शब्द पोर्तुगीजांनी आपल्या मराठी ‘करंबळ’वरून उचलला असं कोशात दिलेलं आहे. पत्नीच्या बोलण्यात चाळीस वर्षांत शंभरदा आलेलं फळ. परसात झाड, शाळेतून येताना दप्तरात मीठ-तिखटाची पुडी. मी लॉटरी लागल्यासारखी आठ फळं पिशवीत भरली.

शेजारी एक वयस्कर व्हिएतनामी गृहस्थ फळं निवडत होते. त्यांची आणि माझी पूर्वीची ओळख. मी मँगोस्टीन चुकीची उचलतोय हे बघून त्यांनीच एकदा मला अडवलं होतं. बोलता बोलता कळलं की तरुणपणी ते दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यात होते. मीही फौजी म्हटल्यावर त्यांनी सॅल्यूट ठोकला, मीही ठोकला. दोन म्हातारे, फळांच्या दुकानात. लोक बघत होते.

त्या दिवशी त्यांनी माझी पिशवी बघितली आणि विचारलं, “कोणासाठी?”

मी सांगितलं, बायकोसाठी. तिचं लहानपणीचं आवडतं फळ. तब्येत बरी नसते, जेवत नाही.

“तब्येतीला काय झालंय?”

मला हा प्रश्न थोडा आगाऊ वाटला. तरी सांगितलं, मूत्रपिंडं.

त्यांनी पिशवीवर हात ठेवला. म्हणाले, “परत ठेवा. माझा थोरला भाऊ डायलिसिसवर होता. त्याने हे खाल्लं. आधी उचकी लागली, थांबेना. मग तो घरच्यांना ओळखेना. हॉस्पिटलात न्यावा लागला.”

खरं सांगतो, माझा विश्वास बसला नाही. फळाने असं कुठे होतं? पण त्यांचा हात तिथून हलत नव्हता. मी फळं परत ठेवली आणि रात्री भारतात सकाळ झाल्यावर आमच्या डॉक्टरांना फोन लावला. ते आधी गप्प झाले. मग म्हणाले, “साहेब, दिलं नाहीत ना?”

ज्याची मूत्रपिंडं धडधाकट आहेत त्याने बेताने खाल्लं तर सहसा त्रास होत नाही. पण या फळात मेंदूवर परिणाम करणारं एक द्रव्य असतं. ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये ते वेगळं काढून दाखवलं आणि त्याला कॅरॅम्बॉक्सिन नाव दिलं. चांगली मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. कमजोर मूत्रपिंडांना ते जमत नाही. मग न थांबणारी उचकी, उलट्या, भ्रम, झटके, आणि काही वेळा मृत्यू. रसही तितकाच वाईट. आमच्या पथ्याच्या यादीत केळं होतं, नारळपाणी होतं. करंबळ नव्हतं, कारण आपल्याकडे ते रोजच्या बाजारात दिसत नाही. यादी करणाऱ्याला ते सुचलंच नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. नोकरीत मी हजारो जवानांचं रेशन तपासलं. फळ चांगलं आहे का, हे बघण्यात मी तरबेज होतो. ते खाणारा कोण आहे, हे विचारायचं मला त्या माणसाने शिकवलं. तेव्हापासून माझा पहिला नियम बदलला. माल कधी आला, हा प्रश्न दुसरा. फळ कोणासाठी, हा पहिला. घरात मूत्रपिंडाचा रुग्ण असेल, मधुमेही असेल, रोजच्या गोळ्या चालू असतील, तर अनोळखी फळाचं नाव आधी डॉक्टरांना सांगा, मग पिशवीत टाका.

पत्नीला मी हे सगळं सांगितलं. ती ऐकून घेत म्हणाली, “अहो, होतं कसं तरी दिसायला?” मी म्हटलं, “पिवळंधमक.” ती म्हणाली, “मग ते पिकलेलं. आम्ही हिरवंच खायचो.” आणि हसली.

पुढच्या गुरुवारी मी मँगोस्टीन आणली, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ दोघांना विचारून. परवानगी दिवसाला तीन. ते निवडायचं कसं, हे त्या गृहस्थांनी शिकवलंच होतं. देठाची पानं हिरवी हवीत. अंगठ्याने दाबलं की जाड साल किंचित दबलं पाहिजे. दगडासारखं कडक लागलं तर फळ जुनं, आतला गर गेलेला. आणि फळाच्या बुडाशी एक छोटं फूल उमटलेलं असतं. त्याच्या जितक्या पाकळ्या, तितक्या आत फोडी. ज्याच्या पाकळ्या जास्त ते घ्यायचं, कारण जास्त फोडी म्हणजे लहान फोडी, आणि लहान फोडीत सहसा बी नसते.

मी टेबलावर फळ फोडलं. जांभळं साल, आत पांढऱ्या पाकळ्या. पत्नीने साल हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि म्हणाली, “अहो, हा तर आपला रातांबा!”

मी हसण्यावारी नेलं. पण ती बरोबर होती. आपलं कोकम आणि मँगोस्टीन एकाच कुळातली, सख्खी म्हणावीत इतकी जवळची. मालवणच्या मुलीला ते सालाच्या वासावरून कळलं.

तिने पाकळ्या मोजल्या, सहा. फळ उघडून बघितलं, फोडी सहा. त्या दिवशी तिने तिन्ही फळं खाल्ली, आणि त्यानंतर पोळी मागून घेतली.

ते व्हिएतनामी गृहस्थ पुढच्या वेळी भेटले तेव्हा त्यांनी आधी तेच विचारलं, “बायको कशी आहे?” म्हटलं, “जेवते.” त्यांनी मान हलवली आणि माझ्या ट्रेमधली दोन मँगोस्टीन काढून त्यांच्याकडची दोन चांगली ठेवली.