बाळंतपणाआधी विचारावयाचा प्रश्न



गरोदर स्त्री दवाखान्यात गेली की तिचे वजन घेतात, रक्तदाब पाहतात, रक्त तपासतात. पण तिचे मन कसे आहे, हे बहुधा कोणी विचारीत नाही. ते बाळंतपणाआधीच विचारले पाहिजे, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

बाळंतिणीला तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येते व थोड्या दिवसांत ते ओसरते. त्याची धास्ती नको. परंतु झोप उडते, कशात गोडी वाटत नाही, आपण आई म्हणून नालायक आहोत असे वाटते आणि हे आठवडेच्या आठवडे टिकते, तेव्हा तो आजार असतो. घरची माणसे मात्र त्याला नखरे म्हणतात!

हा आजार प्रसूतीनंतरच उपजतो, अशी आपली समजूत. गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्त्रियांना गरोदरपणी आणि पुन्हा बाळंतपणानंतर तपासले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २५२ पैकी ५९ मातांना, म्हणजे शेकडा २३ जणींना, हा आजार आढळला. त्यांतील शेकडा ७८ जणींचे मन गरोदरपणीच ढासळलेले होते. दारिद्र्य आणि नवऱ्याशी बेबनाव ही त्यामागची मोठी कारणे. मुलगी झाली की धोका आणखी वाढे.

मग ओळखावे कसे? १९८७ साली एडिंबरो येथे तयार झालेली दहा प्रश्नांची एक यादी आहे. गेल्या सात दिवसांत कसे वाटले, एवढेच ती विचारते. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण. बेरीज फार तर ३०. गुण जास्त म्हणजे आजार ठरला असे नव्हे. डॉक्टरांनी नीट तपासावे, एवढाच त्याचा अर्थ. दहावा प्रश्न मात्र स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. तिथे 'होय' आले, तर त्याच दिवशी धावपळ केली पाहिजे.

हे प्रश्न एकांतात विचारावेत. सासूबाई शेजारी बसल्या असता "बरी आहे" याखेरीज सून दुसरे काय सांगणार? आणि विचारून पुढे उपचार नसेल, तर ते विचारणे व्यर्थ होय. समुपदेशनाने पुष्कळजणींना उतार पडतो. जरूर तेथे औषधेही देतात.

आपण गरोदर स्त्रीला डोहाळे हौसेने विचारतो आणि पुरवतो. त्याच मायेने तिला मनातले दुःखही विचारू या, आणि ती सांगेल ते खरे मानू या.