कॉफी हाऊसचे टेबल आणि आपले मंडळ

(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून इडली-डोशाविषयी बोलणे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु जबलपुरातील मराठी माणसाच्या सार्वजनिक जीवनाचा विचार करू लागलो की, मंडळाच्या सभागृहाखालोखाल आम्हांस आठवते ते इंडियन कॉफी हाऊस. सदरमध्ये असो वा करमचंद चौकात, तेथील टेबलांवर आपल्या गणेशोत्सवाचे कार्यक्रम आखले गेले, नाटकांच्या तालमींच्या वेळा ठरल्या आणि एखाददुसरी सोयरीकही जुळली.

या संस्थेचा इतिहास लक्षात घेण्याजोगा आहे. भारतीय कॉफी देशातच खपावी या हेतूने १९३६ साली मुंबईत पहिले कॉफी हाऊस उघडले. पुढे कॉफी बोर्डाने गावोगावी ती चालविली आणि १९५० नंतरच्या दशकात बंद करण्याचे ठरविले. शेकडो कामगारांच्या तोंडचा घास जाण्याची वेळ आली. तेव्हा ए. के. गोपालन यांनी त्यांस सल्ला दिला की, कॉफी हाऊसे तुम्हीच चालवा. ऑगस्ट १९५७ मध्ये बंगळूर येथे कामगारांची पहिली सहकारी सोसायटी स्थापन झाली. ऑक्टोबरात दिल्लीस त्यांचे पहिले कॉफी हाऊस सुरू झाले. त्याच चळवळीतून जबलपूरची सोसायटी उभी राहिली. आज तिची कॉफी हाऊसे मध्य प्रदेश व छत्तीसगढ येथील अनेक शहरांत आहेत.

म्हणजे शुभ्र गणवेश घालून आणि तुऱ्याचा फेटा बांधून जो आपल्यापुढे सांबाराची वाटी ठेवतो, तो त्या संस्थेचा सभासद असतो. टेबले पुसण्यापासून आरंभ करून व्यवस्थापकाच्या खुर्चीपर्यंत पोहोचण्याची वाट त्यास मोकळी असते. एका कॉफीवर दोन तास गप्पा मारणाऱ्यास तेथे कोणी उठवीत नाही, याचे आम्हांस पूर्वी नवल वाटे. घरच्या यजमानाने पाहुण्यास कसे उठवावे?

आपले गाव बदलीवाल्यांचे. गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाचा कारखाना, व्हेइकल फॅक्टरी, रेल्वे, छावणी, हायकोर्ट. यांच्या निमित्ताने देशाच्या चारी दिशांची माणसे येथे आली. केरळातून आलेला तो कामगारही आपल्यासारखाच घरापासून दूर. त्याची हिंदी मल्याळी वळणाची, आपली मराठी वळणाची. तरी ‘एक मसाला डोसा, दो कॉफी’ एवढ्यावर स्नेह जुळला. डोसाही आपणांस परका नव्हताच. कोकणातल्या घरांत त्याची सख्खी बहीण आंबोळी नांदतेच आहे. सांबाराविषयी तर अशी आख्यायिका आहे की, तंजावरच्या मराठी दरबारात आमटीत आमसुलांऐवजी चिंच पडली आणि संभाजीराजांच्या नावावरून पदार्थास नाव मिळाले. इतिहासाचा तीस पुरावा नाही; पण भोसल्यांचे राज्य तेथे १८५५ पर्यंत नांदले, हे खरे. मराठी माणूस दक्षिणेस गेला, दाक्षिणात्य माणूस नर्मदातीरी आला. परमुलखात रुजण्याची विद्या दोघांसही अवगत आहे.

आता मुद्द्याचे बोलतो. महाप्रसादास आपले सभागृह भरते. वार्षिक सभेस पहिल्या दोन रांगाही भरत नाहीत. आईने मराठीत विचारावे आणि मुलाने हिंदीत उत्तर द्यावे, हे घरोघरी चालले आहे. पन्नास वर्षे झाली. पुढील पन्नासांची हमी कोण देणार, ही चिंता येथे बसलेल्या प्रत्येक ज्येष्ठाच्या मनात आहे. १९५७ साली कॉफी हाऊस वाचले, कारण राबणारे हातच त्याचे धनी झाले. मंडळासही तोच मार्ग आहे. मुलांना केवळ खुर्च्या मांडावयास न बोलावता हिशेबाची वही, कार्यक्रमाची निवड आणि किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या स्वाधीन करावा. कार्यकारिणीतील निदान दोन जागा तिशीच्या आतील सभासदांसाठी राखून ठेवाव्यात, अशी आमची सूचना आहे. ती मुले निराळे काही करतील, क्वचित चुकतीलही. पण जे आपले वाटते ते कोणी बंद पडू देत नाही.

या सूचनेचा विचार येत्या वार्षिक सभेत व्हावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.