आकाशांतून माघारीं

यवतमाळ जिल्ह्यांतील कापसाच्या शेतांवरून रात्रीं एखादें विमान घरघरत जातें, तेव्हां खालीं अंगणांत निजलेल्या माणसास त्याची वाट अगदीं निर्वेध वाटते. मोटार बिघडली तर ती रस्त्याच्या कडेस उभी करितां येते. आकाशास कड नाहीं. विमानास धावपट्टीच हवी, आणि पुष्कळदां सर्वांत जवळची धावपट्टी म्हणजे नुकतीच मागें टाकलेली.

यवतमाळकरांस जवळचा मोठा विमानतळ नागपूरच्या सोनेगांवचा. १९४९ सालीं रात्रीची टपाल-विमानें सुरू झालीं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेलीं चार विमानें नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करून माघारीं परतत. भर मध्यरात्रीं साऱ्या देशाचें टपालघर तेथें जागें असे! १२ डिसेंबर १९५३ रोजीं तेथून रात्रीं निघालेल्या डाकोटा विमानाचें एक इंजिन उड्डाणानंतर लगेच बंद पडलें व विमान कोसळलें. १४ पैकीं १३ जण प्राणास मुकले. त्यांत कामगार-पुढारी हरिहरनाथ शास्त्री होते. वांचला तो एकटा वैमानिक.

एक इंजिन गेलें कीं विमान दगडासारखें पडतें, हा समज मात्र खरा नव्हे. दोन इंजिनांचें विमान एकावरही चालतें. पण त्यास वेग व उंची हाताशीं असावी लागते. भूमि सोडल्यानंतरचीं पहिलीं कांहीं क्षणें म्हणूनच कठीण.

मुंबईस १९७६ सालीं जें घडलें त्याची कथा निराळी. १२ ऑक्टोबरच्या रात्रीं इंडियन एअरलाइन्सचें कारव्हेल विमान सांताक्रूझहून मद्रासकडे निघालें. त्याचीं दोन्ही इंजिनें शेपटीच्या दोहों बाजूंस होतीं. एका इंजिनांत हवा दाबणाऱ्या ज्या चकत्या अतिवेगानें फिरतात, त्यांपैकीं एक फुटली. धातु वर्षानुवर्षें ताण सोसून थकतो व त्यांत बारीक तडा जातो. तसेंच येथें झालें होतें. तुकड्यांनीं इंधनाच्या नळ्या कापल्या, आग लागली. वैमानिकांनीं विमान माघारीं वळविलें. धावपट्टी जवळ आली. परंतु ज्या तेलाच्या दाबानें विमानाचे नियंत्रक पंख हलतात, तें तेलच आगीनें खाऊन टाकलें होतें. विमान अनावर होऊन धावपट्टीस पोंचण्यापूर्वींच कोसळलें. ९५ पैकीं एकही वांचला नाहीं.

अशा माघारी बहुतेक सुखरूप होतात, आणि मग त्यांची कोणी आठवणही ठेवीत नाहीं. उतारूंची तक्रार असते ती वेगळीच: बिघाड झाला, तर मग घिरट्या कशास? कारण असें, कीं उडतांना विमान जितकें जड असूं शकतें तितकें उतरतांना असून चालत नाहीं; चाकांवर व सांगाड्यावर भार पडतो. कांहीं प्रचंड विमानांस टाकीतील इंधन हवेंत सोडून देतां येतें. एअरबस ए-३२० सारख्या मध्यम विमानांत ती सोय नसते. त्यांस इंधन जाळीत फिरावें लागतें. आग लागली असेल तर मात्र वैमानिक वजनाकडे पाहत नाहीं, तो सरळ खालीं येतो. मागाहून यंत्रज्ञ चाकांचे दांडे व पंखांचे सांधे तपासतात, आणि तोंवर तें विमान पुन्हां उडत नाहीं.