मणक्याची गादी : समज, गैरसमज आणि शस्त्रक्रियेविना उपचार
(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकीय विषयावर बोलण्याचा अधिकार माझा नाही. आज सांगणार आहे ते आपल्या तज्ज्ञांकडून समजून घेतलेले आहे. तथापि कंबरदुखीच्या रुग्णांचे कुटुंबीय खर्चाच्या चौकशीसाठी माझ्याकडेच येतात. “मणक्यात गॅप पडली आहे, गादी सरकली आहे, ऑपरेशनला किती लागतील?” हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. कित्येकदा दागिना मोडण्याची तयारी झालेली असते. म्हणून हा विषय मी निवडला.

आपल्या कण्यात मणक्यांच्या दरम्यान २३ गाद्या असतात. गादीचे बाहेरील कडे चिवट तंतूंचे आणि गाभा मऊ, पाणीदार असतो. वयोमानानुसार गाभ्यातील पाणी घटते व कडे कमकुवत होते. कड्याला चीर पडली की गाभ्याचा अंश बाहेर येऊन जवळच्या नसेवर दाब आणतो, तेथे दाहही निर्माण करतो. हे बहुधा कमरेच्या शेवटच्या दोन गाद्यांत घडते. म्हणून कळ पायात उतरते. हीच सायटिका. यात अखंड गादी जागची सरकत नाही. ‘गॅप’चे तर उलटेच आहे : गादी झिजली की दोन मणक्यांतील अंतर वाढत नाही, कमी होते. बाहेर आलेला अंश पुष्कळदा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते, ही सर्वांत दिलासा देणारी बाब.

एमआरआयच्या अहवालातील ‘झीज’ या शब्दाने घाबरून जाऊ नये. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात पाठदुखी नसलेल्या ३,११० व्यक्तींच्या तपासण्या विचारात घेतल्या होत्या. विशीच्या वयात ३७ टक्के, तर ऐंशीच्या वयात ९६ टक्के व्यक्तींच्या गाद्यांत झीज आढळली. म्हणजे झीज दिसली की तेच दुखण्याचे कारण, असे होत नाही.

मग करावे काय? अंथरुणाला खिळून राहू नये. झेपेल तेवढी हालचाल चालू ठेवावी. वेदनाशामक औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व थोडे दिवस घ्यावीत. भौतिकोपचारतज्ज्ञांनी शिकविलेला व्यायाम घरी नियमाने करावा. पायातील कळ असह्य असल्यास मणक्यातील इंजेक्शनने काही काळ आराम मिळू शकतो. दीर्घकाळच्या सर्वसाधारण कंबरदुखीबाबत जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत व्यायाम व रुग्णशिक्षण यांची शिफारस आहे. कमरेचा पट्टा आणि वजन लावणे यांची नाही.

शस्त्रक्रिया निरर्थक आहे, असे मात्र कोणी समजू नये. नेदरलँड्समधील तीव्र सायटिकाच्या २८३ रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम लवकर पडला. वर्षअखेरीस दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झाले होते. मात्र थांबलेल्यांपैकी ३९ टक्के रुग्णांवर पुढे शस्त्रक्रिया झालीच. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा सुटणे, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरता येणे, पायातील शक्ती कमी होत जाणे यांपैकी काहीही आढळल्यास एक तासही घरी थांबू नये.

देणगीदारांना एक नम्र विनंती. यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते. व्यायाम शिकविण्यात गेलेल्या अर्ध्या तासावर पाटी लावता येत नाही. परंतु या आजारात बहुतेकांना तोच अर्धा तास उभे करतो. रोजंदारीवरील मजुराला प्रत्येक फेरीस एस.टी.चे भाडे आणि दिवसाची मजुरी सोडावी लागते. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर तो येणेच थांबवितो. त्याची उपचारफी माफ करून भागत नाही. भौतिकोपचारतज्ज्ञाचे वेतन आणि गरजू रुग्णांचा प्रवासखर्च यांसाठी दिलेली रक्कम ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसणार नाही, खर्च म्हणूनच दिसेल. तो खर्च वाढावा, अशी हिशेब ठेवणाऱ्या माणसाचीच आपणांस प्रार्थना आहे.