पडद्यावरचे चेहरे आणि मधली सुट्टी



आज मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. स्वमग्न मुलांना भावना शिकवणाऱ्या संगणकीय खेळांकडून आपण नेमके काय मागायचे? कुठल्याही पालकसभेत कुणीतरी टॅब पुढे करून विचारतेच, "हे लावू का याला?" या प्रश्नामागे फार मोठी आशा असते. म्हणून उत्तर जपून दिले पाहिजे.

आधी खेळांच्या बाजूने बोलतो. खरा चेहरा निमिषात बदलतो. पडद्यावरचा चेहरा थांबवता येतो, मागे नेता येतो, हवा तितक्या वेळा बघता येतो. मूल चुकले तर पडदा कंटाळत नाही आणि आवाजही चढवत नाही. ज्या मुलाला माणसांची गर्दी म्हणजे आवाजांचा आणि हालचालींचा मारा वाटतो, त्याच्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

याच सोयीवर केंब्रिजमध्ये सायमन बॅरन-कोहेन यांच्या गटाने काम उभे केले. 2004 साली त्यांचा 'माइंड रीडिंग' हा कार्यक्रम आला. त्यात 412 भावना आणि मनःस्थिती 24 गटांत लावलेल्या होत्या. प्रत्येकीचे सहा चेहरे आणि सहा आवाज, वेगवेगळ्या वयांच्या कलाकारांचे. आगगाड्यांची वेळापत्रके पाठ करणाऱ्या मनाला वर्गीकरण आवडते, तर भावनाही तशाच मांडून द्याव्यात, हा त्यामागचा विचार. ओफर गोलान आणि बॅरन-कोहेन यांनी हा कार्यक्रम स्वमग्न प्रौढांवर तपासला. 10 ते 15 आठवड्यांत 10 ते 20 तासांचा सराव झाल्यावर त्यांना चेहऱ्यांवरून आणि आवाजांवरून भावना अधिक चांगल्या ओळखता येऊ लागल्या. पण साहित्य सरावातल्यापेक्षा जसजसे वेगळे होत गेले, तसतसा हा फायदा आटत गेला.

त्याच गटाने पुढे लहान मुलांसाठी 'द ट्रान्स्पोर्टर्स' ही ॲनिमेशन मालिका केली. रुळांवरून आणि तारांवरून ठरलेल्या वाटेने धावणारी वाहने आणि त्यांच्यावर बसवलेले खऱ्या माणसांचे चेहरे. मुलाचे डोळे जिथे आपणहून जातात तिथेच चेहरा नेऊन ठेवायचा, ही कल्पना मला आजही अतिशय सुंदर वाटते. केंब्रिजच्या चाचणीत चार आठवड्यांत निकाल उत्तम आला. मग ऑस्ट्रेलियात 55 मुलांवर चाचणी झाली, त्यांत बौद्धिक क्षमता कमी असलेली मुले बरीच होती. एका गटाने ही मालिका पाहिली, दुसऱ्याने 'थॉमस द टँक इंजिन'. 2012 साली निष्कर्ष छापून आला. राग ओळखण्यात थोडी सुधारणा झाली, ती तीन महिन्यांनी उरली नाही आणि सामाजिक वागण्यापर्यंत काहीच पोहोचले नाही. आपल्या विशेष शाळांतल्या कितीतरी मुलांची स्थिती या दुसऱ्या चाचणीतल्या मुलांसारखी आहे. एखाद्या जाहिरातीत पहिली चाचणीच तेवढी सांगितलेली दिसली, तर दुसरीबद्दल आपण विचारलेच पाहिजे.

आपल्यापैकी प्रत्येकाने हे वर्गात पाहिलेले आहे. मुलगा पडद्यावर 'दुःखी' या चेहऱ्यावर बिनचूक बोट ठेवतो, तारा मिळवतो आणि मधल्या सुट्टीत रडणाऱ्या मैत्रिणीच्या शेजारून सरळ निघून जातो. आपण लगेच म्हणतो, शिकलेले बाहेर उतरत नाही. पण त्याला तिचे रडणे दिसलेच नसेल, असे आपण का धरतो? कदाचित दिसले असेल, सहनही झाले नसेल आणि आता काय करायचे हे कुणी सांगितलेले नसेल.

म्हणून क्वीन्सलँड विद्यापीठातला एक प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. रेने ब्युमाँट यांनी मुलांना छोटे गुप्तहेर बनवणारा खेळ रचला. पुढे तो 'सीक्रेट एजंट सोसायटी' म्हणून ओळखला गेला. 2008 साली केट सोफ्रोनॉफ यांच्यासह त्यांनी 49 मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष मांडले. संगणकावरच्या खेळाला छोट्या गटातली सत्रे, पालकांचे प्रशिक्षण आणि शिक्षकांसाठी लेखी सूचना जोडलेल्या होत्या. पालकांच्या नोंदींप्रमाणे मुलांचे सामाजिक वागणे सुधारले आणि पाच महिन्यांनीही ती सुधारणा टिकून होती. गोष्टीतल्या पात्राला राग किंवा भीती आवरायला काय करता येईल, हे मुले अधिक चांगले सुचवू लागली. आता याच चाचणीतली दुसरी नोंद नीट ऐका. चेहरे आणि शरीराची ठेवण ओळखण्यात ही मुले तुलनेसाठी ठेवलेल्या, प्रतीक्षा यादीतल्या मुलांच्या पुढे गेली नाहीत!

केंब्रिजच्या प्रौढांवरच्या चाचणीत ओळख सुधारली आणि ती बरीचशी खेळाजवळच थांबली. क्वीन्सलँडमध्ये ओळख प्रतीक्षा यादीतल्या मुलांपेक्षा अधिक वाढली नाही, तरी मुलांचे जगणे हलले. चाचण्या वेगळ्या, त्यांतली माणसे वेगळी, हे मी विसरलेलो नाही. तरीही माझे मत ठाम आहे. चेहऱ्यांची प्रश्नमंजुषा ही या कामातली सर्वांत सोपी बाजू आहे, आणि सोपी म्हणूनच तिचे खेळ सर्वाधिक निघतात. छातीत धडधडते आहे, मुठी आवळल्या जात आहेत, म्हणजे मी चिडायला लागलो आहे, हे मुलाला स्वतःबद्दल कळणे अधिक गरजेचे आहे. ते त्याला शाळेत वापरता यावे यासाठी शिक्षिका आणि आईवडील त्याच खेळात सामील असावे लागतात.

शिवाय चेहऱ्यांची उत्तरसूचीच कच्ची आहे. लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी 2019 साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. राग आलेली प्रौढ माणसे सरासरीने सुमारे 30 टक्के वेळाच कपाळाला आठ्या घालतात, असे त्यात दिसले. आपल्या घरात आई संतापली की कधी ओरडते, कधी नुसतेच मुलाला पूर्ण नावाने हाक मारते आणि भांडी जरा जोरात ठेवते. केंब्रिजच्या कलाकारांकडून हे कसे शिकणार? आयआयटी मुंबईचे 'जेलो' हे चित्रांच्या आधारे संवाद साधण्याचे ॲप मराठीत आले आणि बोलता न येणाऱ्या मुलांना आपल्या भाषेत मागता येऊ लागले. भावनांचे खेळही आपल्या घरांतल्या आवाजांत, शक्य तिथे मुलाच्या स्वतःच्या आजीच्या आणि ताईच्या चेहऱ्यांवर बेतता यायला हवेत.

एका गोष्टीला मात्र माझा विरोध आहे. 'हसरा चेहरा कर, डोळ्यांत बघ, गुण मिळव' असे सांगणारे खेळ आपण वर्गात आणू नयेत. त्यातून मूल स्वतःची घालमेल लपवायला शिकते. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी 2012 साली मांडले की स्वमग्न आणि इतर माणसांनी एकमेकांना न समजण्याची अडचण दोन्हीकडून असते. स्वमग्न मुलाने कानांवर हात ठेवून झुलणे म्हणजे काय, हे वर्गातल्या इतर तीस मुलांना कोण शिकवते? तोही खेळ कुणीतरी करायला हवा, आणि तो बनवताना स्वमग्न तरुण सोबत हवेत.

या परिषदेपुढे मी एक मसुदा ठेवतो आहे. आपल्या शाळांसाठी असा कोणताही खेळ घेताना बनवणाऱ्याने पडद्याबाहेरचा पुरावा द्यावा: मधल्या सुट्टीतला, घरातला, किमान तीन महिन्यांनंतरचा. पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी काय दिले आहे तेही दाखवावे. मुलाला खेळ नको असेल तर तो बंद करण्याचा हक्क त्याचा असावा. हा मसुदा तुमच्या हातातल्या फायलीत आहे. दुपारच्या सत्रात त्यावर पालकांनी आणि इथे आलेल्या स्वमग्न तरुण-तरुणींनी सर्वांत आधी बोलावे, लिहून द्यायचे असेल तर लिहून द्यावे. त्यांच्या दुरुस्त्या घेतल्यानंतरच तो मतास टाकावा, अशी माझी सभागृहाला विनंती आहे.