छेद लहान की मोठा?

तंजावूर आणि कुंभकोणम यांच्यामधील पापनाशमचा परिसर कावेरीच्या पाण्यावर भात पिकवितो. वाकून लावणी करावयाची आणि सुगीत जड पोती उचलावयाची, असे हे कष्ट. अशा कष्टकऱ्याच्या पोटाच्या भित्तीला भोक पडून आतडे बाहेर डोकावू लागले, म्हणजे त्याची रोजीच धोक्यात येते. हा अंतर्गळ, म्हणजेच हर्निया, औषधाने बुजत नाही. पट्ट्याने तो फार तर दडपता येतो. आतडे अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटला, तर प्राणावरच बेतते. खरा उपाय शस्त्रक्रियेचाच.

तिचे मार्ग दोन. जुन्या मार्गात शल्यवैद्य फुगवट्यावर छेद घेतो, आतडे आत सारतो, भोक शिवतो आणि बहुधा कृत्रिम धाग्यांची जाळी बसवून त्या जागेला बळकटी देतो. दुसरा मार्ग दुर्बिणीचा. पोटाच्या भित्तीच्या हर्नियासाठी अमेरिकेतील कार्ल लेब्लांक यांनी तो १९९३ साली प्रसिद्ध केला. त्यात पोट वायूने फुगवून तीन-चार छिद्रांतून आत काम करतात.

छिद्रे लहान, म्हणून जखम पिकण्याचे भय कमी आणि रुग्णालयातील मुक्कामही बहुधा थोडा. परंतु त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते, खर्च अधिक येतो, आणि पूर्वीच्या शस्त्रक्रियेने आतडी चिकटलेली असल्यास त्यांना इजा होण्याचा धोका वाढतो. हर्निया पुन्हा उद्भवण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही मार्गांत फारसा फरक आढळत नाही.

मग निवड कशी करावी? बेंबीजवळचे लहानसे भोक जागेपुरती भूल देऊन छेदानेच बुजविता येते. स्थूल आणि मधुमेही रुग्णाला दुर्बीण जखमेच्या त्रासातून वाचवू शकते. फार मोठ्या हर्नियात पोटाची भित्त नव्याने जुळवावी लागते. तेथे उघडी शस्त्रक्रियाच बहुधा सोयीची. धूम्रपान सोडणे आणि रक्तातील साखर आटोक्यात आणणे दोन्हींकडे सारखेच अगत्याचे.

पापनाशमजवळच्या तंजावुरात दुसऱ्या सरफोजीराजांनी आपल्या कारकीर्दीत, १७९८ ते १८३२ या काळात, धन्वंतरी महाल चालविला. तेथील नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत. प्रत्येक रुग्णाची हकीकत निराळी मांडण्याची ती शिस्त हर्नियालाही लागू पडते. छेद किती बोटांचा होता, हे रुग्ण काही दिवसांत विसरतो. पुढच्या सुगीत पोते उचलता आले की नाही, हे तो विसरत नाही.